सरबत नको, पाणी चालेल

अमजदला ह्या सोयरिकीत काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. संध्याकाळी घरी येताना खिडकीत दिवा दिसणार होता. आत्ताही दिसायचा, पण तो त्यानं स्वतःच सकाळी निघताना लावून ठेवलेला असायचा, आणि आपणच आपल्याला फसवायचं म्हणजे रोज थोडं अवघडच जातं. मासळीबाजारात अर्धा वाटा मागायची लाज सुटणार होती. एकट्यासाठी वाटा मोडायला कोळणी नाखूष असतात. मग तो पुरा वाटा घरी आणायचा आणि तेच कालवण गरम करकरून खायचा, शेवटी मासा कुठला होता हे काट्यावरूनच ओळखायचं. त्या कालवणात मीठ जास्त झालंय असं तोंडावर सांगणारं कुणी मिळणार होतं. चार वर्षांपूर्वी त्याची बायको हलीमा गेली, तेव्हापासून त्याच्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवलेली नव्हती, आणि नावं ठेवायला कुणी नसलं की माणूस किती वाईट रांधायला लागतो ते त्याचं त्यालाच ठाऊक.

खर्चाच्या बाजूला काहीच दिसत नव्हतं. महाडात काकरतळ्याजवळ स्वतःचं घर, एमआयडीसीतून माल उचलणारे दोन ट्रक, त्यावर भरवशाचे ड्रायव्हर. मुलगा उबेद कतारला, मुलगी बुशरा नवऱ्याबरोबर मस्कतला. दोघांचीही हरकत नव्हती. बुशरा तर म्हणाली होती, "अब्बा, करा. फोनवर तुमचं गप्प बसणं मला ऐकवत नाय." तोट्याचा रकाना असा साफ कोरा दिसला की शहाण्या माणसानं तिथंच थांबून पुन्हा बेरीज केली असती. पण अमजदनं अर्धं आयुष्य स्टिअरिंगमागं काढलेलं; रस्ता मोकळा दिसला की त्याचा पाय आपोआप खाली जायचा.

सोयरीक आणली होती भागोजीनं. भागोजी पोलादपुराच्या वरच्या अंगाचा शेतकरी, तरुणपणी अमजदच्या ट्रकवर क्लीनर होता, आणि आता वय झाल्यावर दोघांत मालक कोण आणि क्लीनर कोण हे परक्याला ओळखता आलं नसतं. पोलादपुरात निजामचं टायरचं दुकान होतं. त्याची विधवा बहीण शमसुन्निसा त्याच्याच घरी राहायची. मूलबाळ नाही.

"बाय चांगली हाय," भागोजी म्हणाला होता. "कमी बोलते, पण जे बोलते ते ऐकण्यासारखं असतं. तुझ्या नेमकं उलट."

"मला बघून काय म्हणेल?"

"म्हणेल काय, बघेल. फक्त हसू नको म्हणजे झालं."

ह्या वाक्यानं सगळा घोटाळा केला. भागोजी गमतीत बोलला होता. पण अमजदच्या वरच्या पुढच्या दोन दातांपैकी एक अर्धा तुटलेला आणि शेजारच्याचा कोपरा उडालेला होता. फार वर्षांपूर्वी आंबेनळी घाटात चाक बदलताना जॅकचा दांडा उसळून तोंडावर बसला होता. हलीमा त्यावर म्हणायची, तुमच्या तोंडाला खिडकी आहे, आतला माणूस दिसतो. त्यामुळं तो दात त्याला कधी तुटका वाटलाच नव्हता. आता घरी येऊन तो आरशासमोर हसून बघू लागला, आणि खिडकीतून आत बघणारं कुणी उरलं नाही म्हटल्यावर ती नुसतीच फट दिसायला लागली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो बाजारातल्या कापडदुकानावरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर अक्षदा त्याच्या बुशराच्या वयाची, आवाज मास्तरणीचा.

"इतकी वर्षं काय केलंत काका?"

"बंद ठेवलं तोंड."

"आणि आज?"

"रविवारी उघडायचं आहे."

डॉक्टरनं कॅपचं सांगितलं. तिला दिवस लागतात म्हटल्यावर अमजदनं मान हलवली. मग दाताच्या रंगाचं सिमेंट चढवून तिथल्या तिथं दात उभा करायचं ठरलं. तिनं रंगांच्या नमुन्यांची पट्टी काढली. खोट्या दातांची एक रांग, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत, आणि ती एकेक त्याच्या ओठाशी धरून बघायला लागली. अमजदनं आरसा हातात घेऊन सरळ पहिल्या, सगळ्यात पांढऱ्या नमुन्यावर बोट ठेवलं.

"हा नको. शेजारच्या दातांशी मेळ बसला पाहिजे."

"शेजारच्यांना कोण बघतं?"

"हा लावला तर सगळे शेजारच्यांनाच बघतील." तिनं त्याच्या खालच्या दातांवरून नजर फिरवली. "चहा किती घेता दिवसाला?"

"मोजत नाय."

"दिसतंय."

शेवटी दोघांनी मधला रंग ठरवला. म्हणजे अमजदला तो पिवळा वाटला आणि डॉक्टरला पांढरा, त्या अर्थी सौदा बरोबर झाला असणार. तिनं थर चढवले, निळ्या लाईटनं ते पक्के केले, घासून गुळगुळीत केले, आणि जाताना पथ्य सांगितलं. "दोन दिवस चहा नाही, कॉफी नाही. कोकम, कोला, हळदीचं कालवण, काही रंगाचं नाही. नवीन सिमेंट रंग धरतं. पुढंही जरा जपून." ती आणखीही काही बोलली, पण अमजद तोवर पुन्हा आरशात गेला होता. तिथं एक अनोळखी माणूस हसत होता. बरा दिसत होता.

त्या संध्याकाळी त्यानं पांढरा भात दुधाशी खाल्ला. शनिवारीही तेच. बुशराला व्हिडिओ कॉल लावून तो काही न बोलता नुसता हसला. ती म्हणाली, "अब्बा, कुणाचे लावलेत?" मग म्हणाली की छान दिसतात, आणि मग मुलाला शिकवणीहून आणायची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला. अमजद पडदा काळा झाल्यावरही थोडा वेळ त्यात आपलं हसू बघत बसला.

रविवारी, बाजाराला महाडला आलेला भागोजी दस्तुरी नाक्यावर गाडीत चढला. पोलादपूर येईपर्यंत तो एकटाच बोलत होता.

"तोंडात काय गुळणी धरलीस काय?"

"नाय."

"मग बोल की. तिथं जाऊन पण असाच बसलास तर निजाम म्हणेल मुका आणलाय."

दाताबद्दल अमजदनं त्याला सांगितलं नव्हतं. चोपन्न वर्षांचा माणूस बाई बघायला जायच्या आधी दात करून आला, हे भागोजीला कळलं असतं तर सोमवारपर्यंत ते घाटाच्या वरपर्यंत गेलं असतं. आणि अमजद ओठ मिटून होता, त्यामुळं ते अजून कुणाच्या नजरेतही आलं नव्हतं. हसू तो राखून ठेवत होता.

निजामचं घर दुकानाच्या मागं, महाबळेश्वरच्या रस्त्याला. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या पुसून मांडलेल्या, भिंतीवर टायर कंपनीचं कॅलेंडर. निजाम बसला, भागोजी बसला, रस्त्याच्या खड्ड्यांवरून बोलणं सुरू झालं आणि डिझेलवर आलं. मग आतून शमसुन्निसा स्वतः आली. डोईवरची ओढणी नीट, हातात ट्रे. अमजदनं तिच्याकडे पाहिलं. चाळिशी ओलांडलेली, अंगानं बारीक, डोळे असे की एकदा बघून घेतलं की पुन्हा बघायची गरज नाही. अमजद हसला. दोन दिवस जपून ठेवलेलं सगळं हसू त्यानं एकदम खर्चून टाकलं.

तिनंही ओठांच्या कोपऱ्यातून उत्तर दिलं. एवढा क्षण अमजदच्या बाजूनं जमेला धरायला हरकत नाही.

मग ट्रे पुढं आला. काचेच्या पेल्यांत कोकमाचं सरबत, काळपट लाल, उन्हाळ्यात रातांबे साखरेत मुरवून घरी केलेलं. त्यामागं किटलीत आल्याचा चहा. डॉक्टरनं जे जे टाळायला सांगितलं होतं ते ओळीनं त्याच्यासमोर उभं होतं.

"सरबत घ्या," शमसुन्निसा म्हणाली.

"नको."

"मग चहा?"

"चहा मी सोडलाय." शुक्रवारपासून सोडला होता, म्हणजे खोटं नव्हतं.

"थोडं तरी. घरचं आहे."

आता ह्या ठिकाणी खरं सांगायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. पण ज्या हसण्यावर ती नुकतीच उत्तरली होती ते परवाच्या सिमेंटचं आहे, हे तिला सांगायचं? तेही भागोजीसमोर?

"सरबत नको," तो म्हणाला. "पाणी चालेल."

ती आत गेली, पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली. अमजदनं भांडंभर पाणी प्यायलं, आणि कुणाच्या मनात काही यायला नको म्हणून आणखी एक मागून घेऊन तेही प्यायलं. त्याच्या आईचं माहेर नाते गावचं. तिथली रीत तो लहानपणापासून ऐकत आला होता की मागणीला गेलेल्या पाहुण्यानं त्या घरचं पाणी घेतलं की झालं, होकार. नकार असेल तर पाण्याला हात लावायचा नाही. त्यानं दोनदा लावला होता. त्याच्या परीनं तो दोनदा हो म्हणाला होता, आणि मोठ्यानं.

भागोजीनं इकडे तिकडे बघितलं, अमजदसमोरचा पेला उचलला आणि "वाया कशाला घालवायचं, सरबत झ्याक झालंय," म्हणत स्वतःच्या पेल्यामागून तोही रिकामा केला. निजाम टायरांच्या किमतींवर बोलायला लागला. शमसुन्निसा ट्रे घेऊन आत गेली ती पुन्हा आली नाही.

परतताना गाडीत आता अमजद बोलत होता आणि भागोजी गप्प होता.

"घर चांगलं हाय. माणसं साधी."

"हं."

"कधी कळवतील?"

भागोजीनं त्याच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. अमजदला वाटलं, ह्याला झोप आली.

मग वाट बघणं सुरू झालं. निजामचा फोन आला नाही. ती माणसं विचार करत असतील, बहीण द्यायची म्हणजे गडबड कशी करतील, असं अमजदनं स्वतःला समजावलं. भागोजीचाही फोन आला नाही. शेतात वाल काढायला आले असतील. आपण होऊन विचारणं त्याला उतावळेपणाचं वाटलं. हसू तेवढं तयार असलं पाहिजे, म्हणून डॉक्टरचे दोन दिवस संपले तरी त्यानं पथ्य चालू ठेवलं. पुढंही जपून, असं ती म्हणाली होती. किती पुढं, ते तिनं सांगितलं नव्हतं.

ह्या जपण्याची किंमत त्याच्या लक्षात हळूहळू आली. डेपोच्या अलीकडे रामाची चहाची टपरी होती. दिवा लावून घराबाहेर पडलेला अमजद इतकी वर्षं दिवसाचा मोठा भाग तिथंच काढायचा. ट्रकवाले, कोर्टाच्या तारखेला आलेले, एसटी चुकलेले, सगळे तिथं. आता तो तिथं जाऊन बाकड्यावर बसायचा आणि म्हणायचा, "मला नको." पहिल्या दिवशी रामानं विचारलं, "साखर वाढली काय?" दुसऱ्या दिवशी एकानं पोटाला काय झालंय म्हणून विचारलं. नंतर विचारणं थांबलं. हातात पेला नसलेला माणूस चहाच्या टपरीवर बसला की तो कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं, आणि लोक त्याच्याशी तेवढ्यापुरतंच बोलतात. शिवाय बाकडं अरुंद. गिऱ्हाईक आलं की रामा काही बोलायचा नाही, पण फडक्यानं बाकडं पुसायला लागायचा, आणि पुसत पुसत अमजदपर्यंत यायचा. अमजद उठायचा.

मग तो जायचाच बंद झाला. चवदार तळ्याच्या बाजूनं एक चक्कर, बाजारातून एक चक्कर, घर. मासळीसुद्धा हळद घातल्याशिवाय रांधायची म्हणजे ती आजाऱ्याची होते. तो भात आणि दूध खायचा, दात घासायचा, आरशात बघायचा. दोन दात तसेच होते, जसेच्या तसे. सबंध दिवसात त्याचं म्हणणं ऐकून घेणारे तेवढेच दोघे.

महिना उलटत आला तेव्हा भागोजी कोर्टाच्या कामाला महाडला आला आणि बाजारात समोरासमोर गाठ पडली. अमजद हसला. भागोजी हसला नाही.

"तुझ्याशी बोलायचं नाय असं ठरवलंवतं," तो म्हणाला. "पण आता दिसलासच."

"मी काय केलं?"

"बाय पसंत नव्हती तर मला गाडीत सांगायचं, मी गाडी वळवायला लावली असती. भर घरात लोकांचा पेला परत केलास. मी मधे होतो रे. माझं तोंड होतं त्यात."

"मी पाणी प्यायलो."

"पाणी तहानेला पितात."

"आमच्याकडं पाणी घेतलं म्हणजे…"

"तुमच्याकडं, नाते गावात. त्यांच्याकडं सरबत असतं. बाय स्वतः घेऊन येते, ते घेतलं तर पुढं बोलणं, नुसतं पाणी मागितलं तर मंडळी उठली, म्हणजे नकार. पोलादपुरात पोरंटोरं पण जाणतात. तू तर पाणीही दोनदा मागितलंस. निजामची बायको म्हणाली, एवढी कसली घाई, एकदा मागितलं असतं तरी समजलो असतो आम्ही. मी तुझा पेला प्यायलो ते तरी कशाला? टाकून द्यायला लागू नये म्हणून."

अमजदनं बाजारात, मिरचीच्या दुकानासमोर, वरचा ओठ बोटानं उचलून त्याला दात दाखवले. भागोजी वाकून बघायला लागला. मग अमजदनं सगळं सांगितलं: डॉक्टर, रंग, पथ्य.

भागोजी आधी बारीक हसला, मग मोठ्यानं, मग दुकानाच्या पोत्यावर बसून हसला. मिरचीवाला बाहेर येऊन बघायला लागला. "दातासाठी," तो म्हणत होता, "अरे, ह्या दातासाठी." आणि मग त्याचं हसणं असं थांबलं की अमजदला आधीच कळलं, काहीतरी उरलंय.

"बायचं जमलं रे," भागोजी म्हणाला. "कशेडी घाट उतरल्यावर खेडच्या बाजूला. निजामनं आठवडा काढला नाय. बहिणीला बघून माणूस पाणी पिऊन गेला हे गावात झालं, मग जो पहिला आला त्याला हो म्हणाला. माणूस वाईट नाय. त्याची आई अंथरुणाला खिळलीय, तिला उठवायला-बसवायला कुणीतरी पायजे होतं."

"निकाह झाला?"

"येत्या जुम्म्याला."

अमजद तिथून सरळ पोलादपूरला निघाला असं कुणाला वाटेल. तो आधी कापडदुकानावरच्या मजल्यावर गेला. माणूस बुडत असला तरी हातातली पिशवी सोडत नाही, तसं त्याचं झालं होतं. डॉक्टर अक्षदा एका बाईचा दात काढून हात धूत होती.

"डॉक्टर, आता जर मी सरबत प्यायलं, कोकमाचं, एकदाच, तर दात गेला काय?"

"काका, तुम्ही अजून पथ्य पाळताय?"

"तुम्ही सांगितलं होतं."

"दोन दिवस सांगितलं होतं." तिनं त्याला खुर्चीत बसवलं, लाईट ओढून बघितलं. "नव्यासारखे आहेत. माझ्या कुठल्याच पेशंटचे असे राहत नाहीत. आणि डाग पडलाच तर या म्हणाले होते मी. वरचा डाग असतो, पॉलिश केलं की निघतो. दहा मिनिटांचं काम."

"हे नाय सांगितलं."

"सांगितलं."

"माझ्या तोंडात कापूस होता."

"काका, कापूस तोंडात होता, कानात नव्हता."

अमजद खुर्चीतच बसून राहिला. दहा मिनिटांचं काम. पुढचा पेशंट दारात उभा राहिला तेव्हा डॉक्टरनं त्याच्या खांद्याला हात लावून त्याला उठवलं, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बुशरासारखा झाला. "काय झालं काका?"

"काय नाय," तो म्हणाला. "दात चांगले झालेत."

पोलादपुरात निजाम दुकानात एका जीपचं चाक उतरवत होता. त्यानं अमजदला बघितलं, सलाम घेतला आणि पान्याशी हात तसाच ठेवला. अमजदनं त्याला थोडक्यात सांगितलं. निजामनं ऐकून घेतलं. हसला मात्र नाही, दुकानदार असल्यामुळं असेल. गिऱ्हाईक नंतर येऊन काय काय कारणं सांगतं ते त्याला माहीत होतं.

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "तुम्हाला तिला सांगायचं तर सांगा. माझी बायको आत आहे. जा."

बाहेरच्या खोलीत त्याच खुर्च्या होत्या. भाभी दाराच्या आत, आवाज ऐकू येईल एवढ्यावर तांदूळ निवडत बसली. शमसुन्निसा उभी राहिली. अमजदही बसला नाही. त्यानं दाताचं सांगितलं, पथ्याचं सांगितलं, नाते गावच्या पाण्याच्या रीतीचं सांगितलं. बोलता बोलता त्याला ते सगळं इतकं लहान वाटायला लागलं की शेवटी शेवटी त्याचा आवाजच बारीक झाला.

"बघू," ती म्हणाली.

त्यानं दात दाखवले. ती जवळ न येता, होती तिथूनच बघत राहिली.

"पहिले कसे होते?"

"अर्धा तुटका. फट होती."

"मग फट घेऊन यायचं," ती म्हणाली. "मी काय दात बघायला उभी नव्हते. तुम्ही बोलता कसे, ते बघायला उभी होते. आणि तुम्ही बोललात काय, तर सरबत नको."

तिनं हे न रागावता म्हटलं. भाभीचा तांदळातला हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"मी आता पितो," अमजद म्हणाला. "आत्ता. जेवढं असेल तेवढं."

"सरबत संपलं."

"संपलं?"

"खेडचे आले होते. दोन पेले घेतले त्यांनी. तिसरा मागितला असता तर बाटलीत नव्हतं."

अमजदला पुढं काय विचारायचं ते कळत होतं, पण विचारायचा आपल्याला हक्क आहे का, ते कळत नव्हतं. तरी त्यानं विचारलं. "ते तुम्हाला पसंत आहेत?"

"त्यांनी सरबत प्यायलं," ती म्हणाली.

मग दाराबाहेर रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "तिथं म्हातारी आहे. रात्रंदिवस हाका मारते म्हणतात. भाभी म्हणते, त्रास होईल. मी म्हटलं, होऊ दे. इथं मला कुणी हाक मारत नाय. जेवण झालं की ताट आपोआप समोर येतं. नावानं कुणी बोलवत नाय." ती हे अमजदला सांगत होती की स्वतःला, कुणास ठाऊक. त्यानं फक्त एवढंच ताडलं की ती ज्या गोष्टीसाठी चालली होती, तीच गोष्ट मागायला तो इथं आला होता, आणि ती दोघांकडेही नव्हती.

"निजामभाईंना मी पुन्हा सांगतो," तो म्हणाला. "त्यांनी मनावर घेतलं तर अजून…"

"खेडच्या माणसाचा पेला मी परत करू? माझ्यासाठी आलेला माणूस उठून गेला तेव्हा मला कसं झालं ते मला माहीत आहे." तिनं मान हलवली. "त्याचं काय चुकलं? त्याचे दात वाईट आहेत. पिवळे. मी बघितले."

पाहुणा दारात आलेला म्हणून तिनं चहा आणला. अमजदनं तो घेतला. आल्याचा, कडक, गोड. महिन्यानंतरचा पहिला चहा. घोटाघोटानं तो प्यायला, आणि पिताना त्याच्या मनात दाताचा विचार आला नाही, हे खरं म्हणजे पहिल्या वेळीच जमलं असतं. कप तिनं हातातून घेतला. सलाम झाला. तो दुकानापर्यंत आला तेव्हा निजाम दुसरं चाक उतरवत होता.

शुक्रवारी तो नमाज पढून रामाच्या टपरीवर गेला. रामानं काही न विचारता चहा पुढं केला, आणि बाकडं पुसलं नाही. भागोजीनं दाताची गोष्ट दस्तुरी नाक्यापासून सगळीकडे केली होती. अमजद आला की लोक जागा करायचे, एखादा म्हणायचा, चाचा, पाणी चालेल ना? आणि सगळे हसायचे, अमजदसुद्धा. त्याचे पुढचे दोन दात पावसाळ्याआधीच खालच्या दातांच्या रंगाला आले. डॉक्टर अक्षदाचा निरोप आला होता की पॉलिशला या. तो गेला नाही. शेजाऱ्यांशी मेळ बसलाय, म्हणाला.

तेव्हा हिशेब असा निघतो. डॉक्टरनं आपलं काम चोख केलं. तिच्याकडून काही येणं नाही. भागोजीला महिनाभर मित्र गमवावा लागला आणि त्याच्या बदल्यात आयुष्यभर पुरेल अशी गोष्ट मिळाली, त्याचा नफाच. निजामचं नाक राहिलं. खेडच्या माणसाला अंथरुणातल्या आईसाठी दोन हात मिळाले, आणि त्यासाठी त्याला फक्त तहान लागायची होती. अमजदनं एक महिना आणि खिडकीतला एक दिवा भरला. तो दिवा तो अजून सकाळीच लावून निघतो, पण निदान टपरी त्याला परत मिळाली. बाकी सगळं त्या बाईनं भरलं, जिनं दाताच्या डॉक्टरची पायरी कधी चढली नव्हती, जिला कुठलं पथ्य कुणी सांगितलं नव्हतं, आणि जिनं फक्त उन्हाळ्यात रातांबे फोडून साखरेत मुरत घातले होते. कशेडीपलीकडे ती म्हातारी तिला हाका मारते. पण म्हातारीचं भान गेलेलं आहे. ती हाक मारते ती आपल्या लेकीच्या नावानं, जी कधीच वारली, आणि शमसुन्निसा त्या नावाला ओ देते.